त्रिगुणित मत्स्यबीज : आधी रक्त पाहावे, मग तळ्यात सोडावे

विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस उभे राहिले म्हणजे गोदावरीचा तो भरलेला विस्तार पाहून शेतकऱ्याचे मन सुखावते. परंतु तोच विस्तार चैत्र-वैशाखात कसा आकसतो, काठचा गाळ कसा उघडा पडून भेगाळतो, आणि उरलेले पाणी उन्हाने कसे कोमट होते, हेही आपल्या नांदेड-लातूर भागातील कोणास नव्याने सांगावयास नको. सन २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट आपल्या स्मरणातून जाण्यासारखी नाही. त्याच वर्षी 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना निघाली व गावोगाव शेततळी खोदली गेली. तळे झाले म्हणजे त्यात मासा सोडावा, हा विचार ओघानेच येतो. आणि मासा सोडावयाचा म्हटले की बीज कोणते, हा प्रश्न पुढे उभा राहतो.

या प्रश्नाच्या संबंधाने एक नवा शब्द हल्ली शेतकऱ्यांच्या कानावर येऊ लागला आहे. तो 'त्रिगुणित' मासा. हा मासा वांझ असतो. अंडी घालण्यात त्याची शक्ती खर्च होत नाही. म्हणून तो अधिक वाढतो, असे त्याचे वर्णन करितात. वर्णन सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे. राहिलेले अर्धे माशाच्या रक्तात आहे, आणि ते कोणी सहसा सांगत नाही. आपल्यासारख्या उष्ण व उन्हाळ्यात पाणी तुटणाऱ्या मुलखात तेच अर्धे अधिक महत्त्वाचे आहे असे आमचे मत असल्यामुळे, या विषयाचा येथे थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम 'त्रिगुणित' म्हणजे काय ते पाहू. प्राण्याच्या व वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत एक केंद्रक असते व त्यात आनुवंशिक गुण वाहून नेणारी सूत्रे असतात. त्यांस गुणसूत्रे म्हणतात. सामान्यतः या सूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला व एक बापाकडून आलेला. अशा जीवास द्विगुणित म्हणावे. तीन संच असले तर त्रिगुणित व चार असले तर चतुर्गुणित. ही गोष्ट आमच्या वाचकांस अपरिचित वाटण्याचे कारण नाही, कारण ती त्यांच्याच शेतात उभी आहे. अर्धापूरकडील आपल्या केळीच्या बागांत लावली जाणारी बसराई घ्या, वा ग्रँड नैन घ्या. या जाती त्रिगुणितच आहेत. अकरा-अकरा सूत्रांचे तीन संच मिळून त्यांच्या पेशीत ३३ गुणसूत्रे असतात, आणि म्हणूनच त्या केळात बी धरत नाही. तीन संचांची दोन सारखी वाटणी होऊ शकत नाही, हे त्याचे कारण. कापसाचेही तसेच. आपल्या जुन्या गावराणी कापसाची गुणसूत्रे २६, तर अमेरिकन कापसाची ५२. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने काढलेला व एके काळी घरोघर लावला गेलेला एन्‌एच्‌एच्‌-४४ हा संकर या ५२ सूत्रांच्या कुळातला. म्हणजे संचांची संख्या बदलली की पिकाची प्रकृती बदलते, हे आपण अनुभवाने जाणतोच. माशाच्या बाबतीत तोच नियम पाण्याखाली लागू होतो, इतकेच.

रोहू, कटला व मृगळ या आपल्या तिन्ही प्रमुख माशांची गुणसूत्रे ५० असतात. म्हणजे पंचवीस-पंचवीसचे दोन संच. त्रिगुणित रोहूत ती ७५ होतात. हे घडविण्याची रीत अशी : मादीचे अंडे नराच्या रेताशी संयोग पावते त्या क्षणी अंड्यात आईकडचा एक जादा संच अद्याप शिल्लक असतो, व तो थोड्याच वेळात एका सूक्ष्म कणिकेच्या रूपाने बाहेर टाकला जावयाचा असतो. नेमक्या त्या मिनिटांत अंड्यांस थोडा वेळ अतिशय थंड वा अतिशय ऊन पाण्यात ठेविले, अथवा त्यांवर मोठा दाब दिला, तर तो संच बाहेर न पडता आतच अडकून राहतो. याप्रमाणे आईचे दोन व बापाचा एक असे तीन संच होतात. यात परक्या जीवाचा कोणताही अंश घातला जात नाही. त्यामुळे असा मासा खाण्यास अपायकारक आहे असा समज कोणी करून घेऊ नये. परंतु यावरून दुसरीही एक गोष्ट ध्यानात येईल. सर्व काम काही मिनिटांच्या व काही अंशांच्या अचूकपणावर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक अंड्यात ते साधतेच असे नाही. एकाच घाण्यातील काही पिले त्रिगुणित, तर काही पूर्ववत द्विगुणित निघतात. बाहेरून दोहोंत फरक करणे कठीण. फरक करावयाचा तो रक्तावरून.

आता रक्ताकडे वळू. मनुष्याच्या रक्तातील तांबड्या पेशींत केंद्रक नसते. माशाच्या तांबड्या पेशींत मात्र ते असते. ही पेशी लांबट गोल, अंड्याच्या आकाराची असून तिच्या मध्यभागी केंद्रक ठळकपणे दिसते. त्या केंद्रकात दोनाऐवजी तीन संच भरले गेले म्हणजे ते त्या प्रमाणात, म्हणजे सुमारे दीडपट, मोठे होते. केंद्रक मोठे झाले की पेशीही मोठी होते. येथे कोणास वाटेल की पेशी मोठी म्हणजे रक्त अधिक, व रक्त अधिक म्हणजे मासा बळकट. तसे होत नाही. पेशी मोठ्या होतात, परंतु त्यांची संख्या त्याच मानाने घटते. शरीरच जणू आपला हिशोब बरोबर ठेवते. द्विगुणित माशाच्या रक्ताच्या एका थेंबात जेथे तीन पेशी, तेथे त्रिगुणिताच्या रक्तात ढोबळ मानाने दोन. परिणामी रक्तातील पेशींचा एकंदर भाग जवळजवळ तेवढाच राहतो, व प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे द्रव्यही एकंदरीने तेवढेच, वा किंचित कमी भरते. एका पेशीतील हिमोग्लोबिन वाढते, पण पेशीच कमी असल्याने बेरीज बदलत नाही. केवळ रक्तच नव्हे, तर स्नायू, मेंदू इत्यादी सर्व अवयवांत हाच प्रकार दिसतो. पेशी मोठ्या व थोड्या. म्हणून त्रिगुणित मासा केवळ संच वाढल्यामुळे आकाराने दीडपट होत नाही. 'तीन संच म्हणजे मोठा मासा' असे जो सांगेल त्याचे बोलणे तेथेच थांबवावे.

बेरीज तीच, मग बिघडले कोठे ? याचे उत्तर खळ्यावर मिळते. समजा, ओली ज्वारी आहे व ती वाळवावयाची आहे. तिचे तीन लहान ढीग केले, किंवा तेवढ्याच ज्वारीचे दोन मोठे ढीग केले. धान्य तेवढेच, माप तेवढेच. पण लवकर कोणते वाळेल ? अर्थात तीन लहान ढिगांचे. कारण त्यांची वाऱ्यास लागणारी बाजू अधिक. रक्तपेशीचा व्यवहारही तिच्या बाहेरच्या पृष्ठावरूनच चालतो. कल्ल्यांत आली की तिने प्राणवायू आत घ्यावयाचा, व स्नायूंत गेली की तो बाहेर द्यावयाचा. दोन्ही कामे पृष्ठभागातून. पेशीचे घनफळ दीडपट झाले तर तिचे पृष्ठ दीडपट होत नाही, सुमारे एक पूर्णांक तीन दशांश पटच होते. आणि पेशींची संख्या तर दोन तृतीयांशावर आलेली. गुणाकार करून पाहिला असता, आकार तोच धरल्यास, रक्तातील पेशींचे एकंदर पृष्ठ सुमारे एक अष्टमांशाने कमी भरते. हा हिशोब ढोबळ आहे, व हृदय, कल्ले, रक्तवाहिन्या यांचाही माशाच्या श्वसनात वाटा असल्यामुळे केवळ एवढ्यावरून निकाल देता येणार नाही. परंतु दोष असलाच तर तो कोणत्या दिशेस असावा, हे त्यावरून कळते.

प्रयोगांती काय आढळले, तेही सांगितले पाहिजे. थंड, वाहत्या व प्राणवायूने भरलेल्या पाण्यात, माशास धावपळ करावी न लागता, त्रिगुणित व द्विगुणित यांत फारसा भेद दिसत नाही, असे बहुतेक प्रयोगांचे तात्पर्य आहे. जेथे पाणी तापविले, प्राणवायू कमी केला, किंवा मासा दमविला, तेथे मात्र त्रिगुणित मासा आधी हरतो असे अनेकांस आढळले. काही प्रयोगांत असा भेद आढळला नाही, हेही आम्ही प्रांजळपणे नमूद करितो. शिवाय यांपैकी पुष्कळसे प्रयोग ट्राउट व सामन या थंड पाण्याच्या माशांवर परदेशात झालेले आहेत. आपल्या देशात रोहू व कटला यांची गुणसूत्रे वाढविण्याच्या प्राथमिक प्रयत्नांचा वृत्तान्त १९९० साली प्रसिद्ध झाला. काशी हिंदू विश्वविद्यालयात शिंगी माशावरही असे काम झाले आहे. परंतु शिंगी हा पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ शकणारा मासा. त्याच्यावरून रोहूचा न्याय करता येत नाही. आणि थंड देशातील ट्राउटवरून तर मुळीच नाही. ज्या पाण्यात ट्राउट वाढतो त्या १२ अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्याच्या एका लिटरात सुमारे १०.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावू शकतो. आपल्याकडे पाणी ३० अंशांवर गेले की हे प्रमाण ७.५ वर येते, व ३५ अंशांवर ७ च्याही खाली. ही मावण्याची सीमा झाली. प्रत्यक्षात असतो त्याहून कमी.

शेततळ्यात तर याहून बिकट स्थिती येते. खत व खाद्य घातलेल्या तळ्यात हिरवे शेवाळ माजते. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडते, पण रात्रभर ते स्वतःच तो खाते. आणि तळाशी कुजणारा गाळही आपला हिस्सा घेतो. त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. वैशाखातल्या एखाद्या निर्वात रात्रीनंतर, किंवा वळवाच्या आधी आभाळ भरून राहिलेल्या दिवसानंतर, पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठावर येऊन तोंडे उघडझाप करीत असलेले ज्याने पाहिले आहे, त्यास या परिच्छेदाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सूर्योदयापूर्वीचा तो एक तास म्हणजे वर्षभराच्या श्रमाचा निकाल लागण्याची घटका असते. अशा घटकेस ज्याच्या रक्तात थोडी सवड शिल्लक आहे तो मासा तगतो, ज्याच्या रक्तात ती नाही तो दगावतो. मार्गशीर्षात वजन कोणाचे अधिक भरले, यापेक्षा वैशाखात जिवंत कोण राहिले, हा प्रश्न मराठवाड्यात आधी विचारला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, 'आपल्या तळ्यांतील सायप्रिनस मासा पाहा. त्याची गुणसूत्रे १००, म्हणजे रोहूच्या दुप्पट. तरी तो गढूळ व कमी प्राणवायूच्या पाण्यातही इतरांपेक्षा चिवटपणे जगतो. मग संच वाढल्याने रक्त दुबळे होते हे कसे मानावे ?' आक्षेप योग्य आहे, व त्याचा आम्ही आदर करितो. सायप्रिनसच्या पूर्वजांत गुणसूत्रे दुप्पट झाली ती लक्षावधी वर्षांपूर्वी. तेव्हापासून अगणित पिढ्यांत निसर्गाने त्याच्या शरीराची घडी त्या संख्येशी जुळवून घेतली. जे टिकले नाहीत ते गेले. टिकले त्यांचे वंशज आपल्या तळ्यात आहेत. अमेरिकन कापसाचेही असेच. याच्या उलट, हॅचरीच्या हौदात काही मिनिटांच्या धक्क्याने तिसरा संच घातलेल्या माशास असा काळ मिळालेला नसतो. आणि तो वांझ असल्याने पुढेही मिळावयाचा नाही. त्याची प्रत्येक पिढी पहिलीच पिढी असते. यास्तव आमचा आक्षेप संख्येवर नाही. नव्याने घातलेल्या संख्येची आपल्या पाण्यात परीक्षा झालेली नाही, एवढाच आमचा मुद्दा आहे.

आता लाभाची बाजू पाहू. कारण हानीची भीती असली तरी लाभ मोठा असेल तर शेतकरी धोका पत्करतो, व पत्करावाही. त्रिगुणित माशाचा खरा लाभ तो वांझ असण्यात आहे. मादीच्या पोटात अंडाशय जवळजवळ वाढतच नाही. नराचे वृषण काही प्रमाणात वाढते, पण त्यापासून संतती होत नाही. परंतु हा लाभ मासा वयात आल्यानंतरचा आहे. आपल्या शेततळ्यात आषाढ-श्रावणात सोडलेली बोटुकली पाणी आटण्यापूर्वी, म्हणजे आठ-दहा महिन्यांत काढावी लागते. कटला-रोहू तोवर वयात आलेलेच नसतात. शिवाय हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालीत नाहीत; त्यांस पुराचे वाहते पाणी लागते. म्हणूनच तर १० जुलै १९५७ रोजी ओरिसात हिरालाल चौधरी व के. एच्. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाची टोचणी देऊन या माशांस अंडी घालावयास लाविले, ती घटना एवढी मोठी मानली गेली, व आजही १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. जो मासा आपल्या तळ्यात अंडी घालीतच नाही, त्यास वांझ करून शेतकऱ्यास काय मिळणार ? रोहू-कटल्याच्या बाबतीत तरी आम्हांस हा व्यवहार आतबट्ट्याचा दिसतो.

रोहू सुधारावयाचा तर संच न बदलता सुधारण्याचा मार्ग आपल्या देशातच सिद्ध झालेला आहे. भुवनेश्वरजवळील कौशल्यगंगा येथील केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या संशोधकांच्या साहाय्याने १९९२ पासून निवड पद्धतीने 'जयंती रोहू' तयार केला. बियाण्यासाठी आपण उत्तम कणसे निवडून ठेवितो, त्याच तत्त्वावर निरनिराळ्या नद्यांतील रोहूंची कुळे मिळवून पिढ्यान्‌पिढ्या निवड केली गेली, आणि वाढीच्या वेगात पिढीमागे सुमारे शेकडा १७ ची भर पडली. त्याचे रक्त द्विगुणितच राहिले. असा मासा हाती असता, केवळ वाढीच्या आशेने त्रिगुणिताकडे धावण्याचे प्रयोजन नाही.

दोन ठिकाणी मात्र त्रिगुणित बीजाचा विचार करण्यासारखा आहे, व तेथे आम्ही त्यास विरोध करीत नाही. पहिले ठिकाण सायप्रिनसचे. हा मासा आपल्या उष्ण हवेत वर्षाच्या आतच वयात येतो, तळ्यातच अंडी घालतो, आणि मग नको तेवढ्या पिलांनी तळे भरून जाऊन कोणताच मासा विकण्याजोगा होत नाही. दुसरे ठिकाण गवत्याचे. हा मासा १९५९ साली हाँगकाँगहून आपल्या देशात आणला गेला. पाण्यातील पाणवनस्पती खाऊन तळे साफ करण्यास त्याच्यासारखा दुसरा नाही. परंतु तो खादाड आहे, व मोठ्या वाहत्या नदीत त्याची पैदास झाली तर मूळच्या माशांचा आसरा तो खाऊन टाकील. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहू लागले की गावतळ्यातला मासा ओढ्यात, ओढ्यातला गोदावरीत व गोदावरीतला विष्णुपुरीच्या जलाशयात पोचण्यास वेळ लागत नाही. त्या जलाशयावर मासेमारी करून कुटुंबे पोसणारे आपले भोई बांधव आहेत. शेतकऱ्याच्या तळ्यातून निसटलेला मासा त्यांच्या जाळ्यातला घास हिरावून घेणार नाही, हे पाहणे शेतकऱ्याचेच कर्तव्य आहे. परदेशी मागूर माशाच्या पैदाशीवर व विक्रीवर देशात २००० साली बंदी आली, तरी तो चोरून पाळणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यात पुढची कित्येक वर्षे गेली. एकदा पाण्यात सुटलेला जीव परत बोलाविता येत नाही. म्हणून जेथे गवत्या सोडावयाचाच आहे तेथे तो वांझ असावा, हे म्हणणे सयुक्तिक आहे.

पण वांझ आहे हे ठरवावयाचे कसे ? येथे रक्ताची दुसरी बाजू पुढे येते. जे रक्त उन्हाळ्यात माशाचे दुबळेपण दाखविते, तेच खऱ्याखोट्याची कसोटीही पुरविते. अमेरिकेतील अनेक संस्थानांत त्रिगुणित गवत्याखेरीज दुसरा गवत्या पाण्यात सोडण्यास मनाई आहे. तेथे १९८० च्या दशकापासून अशी व्यवस्था चालत आली आहे की, बीज विकणाऱ्याने प्रत्येक माशाच्या रक्ताचा थेंब घेऊन त्यातील पेशींच्या केंद्रकाचे माप यंत्राने तपासावयाचे. नंतर सरकारी तपासनिसाने त्या घाण्यातील १२० मासे पुन्हा आपल्यासमोर तपासून घ्यावयाचे. व त्यांत एकही द्विगुणित निघाला तर सबंध घाणा नामंजूर. त्या लोकांनी विक्रेत्याच्या शब्दावर, माशाच्या रंगावर वा आकारावर भिस्त ठेविली नाही. रक्तावर ठेविली. हा धडा आपण अवश्य घ्यावा.

त्यांच्याकडील यंत्र महाग आहे म्हणून आपण हातपाय गाळण्याचे कारण नाही. हीच परीक्षा साध्या काचपट्टीवरही होते. माशाच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यावा, काचपट्टीवर त्याचा पातळ थर ओढावा, वाळवून जिम्सा रंग द्यावा, व मोजपट्टी बसविलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकांची लांबी मोजावी. माहीत असलेल्या द्विगुणित माशाची काचपट्टी शेजारी ठेविली म्हणजे सरासरीतील फरक सहसा स्पष्ट दिसतो. मलेरियासाठी माणसाचे रक्त ज्या रीतीने तपासतात, त्याहून ही रीत फारशी निराळी नाही. आपल्या विष्णुपुरीतच १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, येथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि लातूर जिल्ह्यात उदगीर येथे तर खास मत्स्य विज्ञानाचे महाविद्यालय आहे. सूक्ष्मदर्शक व तो वापरणारी माणसे आपल्या दाराशी आहेत. मागणी करणारा मात्र पाहिजे. ही मागणी शेतकऱ्यांनी एकेकट्याने न करता संघाच्या द्वारे करावी.

किती मासे तपासावे, याचाही हिशोब सांगून ठेवितो. समजा एखाद्या घाण्यात शेकडा १० मासे द्विगुणित राहून गेले आहेत. त्यातून कोठलेही निवड न करता ३० मासे उचलून तपासले, तर त्यांत निदान एक तरी द्विगुणित सापडण्याची शक्यता शेकडा ९५ हून अधिक असते. भेसळ याहून कमी असेल तर मासे अधिक तपासावे लागतील. बीज मोठ्या प्रमाणावर एकत्र खरेदी केले तर तीस काचपट्ट्यांचा खर्च माणशी नगण्य पडतो. ज्वारीचे बियाणे घेताना आपण उगवणीचा आकडा पिशवीवर पाहतो. मत्स्यबीज मात्र ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून आले की डोळे मिटून तळ्यात ओततो. हा भेद का असावा ?

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष म्हणून आमचे मत येणेप्रमाणे आहे. कटला, रोहू व मृगळ यांचे त्रिगुणित बीज कोणी देऊ केल्यास मराठवाड्यातील शेततळ्याच्या मालकाने तूर्त ते घेऊ नये; लाभ थोडा व धोका उन्हाळ्याचा. सायप्रिनस व गवत्या यांचे त्रिगुणित बीज मिळत असेल तर ते नाकारू नये. मात्र त्या घाण्याच्या रक्तपरीक्षेचा लेखी दाखला मागावा, व तो न मिळाल्यास व्यवहार करू नये. आणि हे बीज घेतल्यावर तळ्यात दाटी नेहमीपेक्षा कमी ठेवावी, उन्हाळ्यात पहाटे पाणी उसळविण्याची वा नवे पाणी सोडण्याची तजवीज आधीच करावी. हे प्रत्येक तळ्यास हितावह आहे; त्रिगुणित मासा असलेल्या तळ्यास अपरिहार्य आहे.

विद्यापीठांस व मत्स्य विज्ञानाच्या महाविद्यालयास आमची एक विनंती आहे. आमच्या पाण्यात प्रयोग करा. एकाच मादीची अंडी घेऊन अर्ध्यांस धक्का द्यावा, अर्ध्यांस देऊ नये. पिले ओळखता यावी म्हणून एका गटाचा एक पर किंचित कापावा. दोन्ही गट एकाच तळ्यात सोडावे. आणि आषाढापासून ज्येष्ठापर्यंत दर महिन्यास दोन्ही गटांचे वजन, जिवंत संख्या व रक्त तपासावे. पेशींची संख्या, त्यांचे आकारमान व हिमोग्लोबिन हे तीन आकडे पहाटेच्या प्राणवायूच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावे. प्रयोग थंडीतच आटोपून वजनाचे तक्ते छापू नयेत. वैशाख गाठेपर्यंत थांबावे. असा एक प्रामाणिक वर्षभराचा प्रयोग आपल्या शेतकऱ्यास परदेशच्या दहा प्रयोगांहून अधिक उपयोगी पडेल, मग त्याचा निकाल आमच्या मताविरुद्ध का जाईना. तसा तो गेल्यास आम्ही याच पृष्ठांवर आनंदाने आमची चूक मान्य करू.

नव्या गोष्टीस नाके मुरडणे हा या संघाचा स्वभाव नाही. टोचणीने अंडी घालविलेला मासा एके काळी नवाच होता. आज त्याच्यावाचून एकही तळे चालत नाही. परंतु नवी गोष्ट आपल्या भूमीवर व आपल्या पाण्यात उतरवून घेण्याची एक रीत असते. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. केवळ शिंगांची रंगरंगोटी पाहून पैसे मोजीत नाही. मासा मुका, पाण्याखालचा व हजारांच्या संख्येने येणारा. त्याचे दात पाहता येत नाहीत, हे खरे. पण त्याच्या रक्ताचा एक थेंब पाहता येतो, आणि तो थेंब त्याचे कूळही सांगतो व उन्हाळ्यातले त्याचे भवितव्यही बरेचसे सांगतो. तो पाहिल्यावाचून बीज तळ्यात सोडू नये, एवढीच आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची सूचना आहे.